यामाहाची पहिली गिटार घेताना

यामाहा म्हटलं की आपल्याकडे निम्म्या लोकांच्या कानात आधी आरएक्स १०० चा आवाज घुमतो. दुकानात 'यामाहाच्या गिटारी दाखवा' म्हणालात की सोबत आलेले काका 'ही मोटरसायकलवालीच ना हो कंपनी?' असं विचारणारच. तर काकांसाठी: वाद्यं आधी, गाड्या नंतर. तोराकुसु यामाहा या माणसाने १८८७ साली जपानमधल्या हामामात्सु इथल्या एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, आतली रचना नीट पाहून घेतली आणि तसाच एक स्वतः बांधला. तो टोकियोच्या संगीत संस्थेत दाखवायला एका जोडीदाराबरोबर खांद्यावर वाहून हाकोनेचा घाट पार केला. तिथे ऐकायला मिळालं की बांधणी बरी आहे, पण सूर लागलेले नाहीत. गडी तिथेच राहून सूर लावायला शिकला आणि घरी जाऊन दुसरा ऑर्गन बांधला. मोटरसायकलची कंपनी १९५५ मध्ये वेगळी निघाली, तरी दोघींच्या चिन्हात आजही तीन नादकाटे एकमेकांवर ठेवलेले दिसतात. शाळेच्या प्रयोगशाळेत रबरी ठोकळ्यावर आपटायचो तेच हे नादकाटे. बाइकच्या टाकीवर तुम्ही ते शंभर वेळा पाहिले असतील.

हा लेख ज्यांनी अजून एकही गिटार विकत घेतलेली नाही त्यांच्यासाठी आहे. यामाहाच का, तर तिची स्वस्तातली गिटारसुद्धा साधारण एकसारखी निघते. दुकानात एकाच मॉडेलच्या तीन नगांत एक उत्तम, एक बरा आणि एक टाकाऊ असा लॉटरीचा प्रकार कमी होतो. अडचण वेगळीच आहे: मॉडेलांची नावं. एफ, एफजी, एफएस, एफएसएक्स, एपीएक्स, सीजी, एनटीएक्स. कारकुनाने फायलींना नंबर दिल्यासारखी ही यादी वाचून माणूस पहिल्याच पानावर दमतो आणि दुकानदार जे पुढे करेल ते घेऊन येतो.

मीही तसंच केलं होतं. कंपनी यामाहा नव्हती, कुठली होती ते जाऊ द्या. दिसायला सुरेख, काळी चकचकीत. पण बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या रेघेवर, तार लाकडापासून चांगली पाच मिलिमीटर वर. बोटं फाटायची, आवाज निघायचा नाही, आणि मला वाटायचं आपल्याच हातात काही नाही. सहा महिने ती कपाटावर पडून होती. शेवटी पेठेतल्या एका बोळात हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेली. त्यांनी तारा सैल केल्या, ब्रिजमधली, म्हणजे पोटावर तारा जिथे अडकवतात त्या तुकड्यातली, पांढरी पट्टी उपटून काढली, काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि पट्टीची खालची बाजू त्यावर सावकाश घासली. मधूनमधून डोळ्यासमोर धरून बघायचे. वीस मिनिटांचं काम. परत तारा चढवून वाजवली तर गिटारच बदललेली! पुढचं सगळं लिहिताना ती पट्टी माझ्या डोळ्यासमोर आहे.

पहिली गोष्ट: तार कोणती?

ब्रँड, रंग, किंमत हे सगळं नंतर. आधी तार ठरवा, कारण तीन प्रकारच्या तारांच्या तीन वेगळ्या गिटारी असतात.

पोलादी तारांची अकूस्टिक म्हणजे जिच्यावर गाण्याबरोबर कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर, वाजवतात ती. आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यावर, चर्चमध्ये, सिनेमाच्या गाण्यांत बहुतेक वेळा हीच ऐकू येते. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांनी वाजवतात. तिची मान रुंद, आवाज गोल आणि मऊ. आणि इलेक्ट्रिक, जिला अॅम्प्लिफायर लागतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'आधी अकूस्टिक शिक, बोटं घट्ट झाली की मग इलेक्ट्रिक' असं सांगणारे खूप भेटतात. त्याला काही आधार नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक आणि दाबायला सर्वांत सोप्या असतात. मुलाला मेटलच ऐकायला आवडत असेल तर त्याच्या हातात नायलॉनची गिटार देऊन तो दोन महिन्यांत कंटाळला म्हणून रागावू नका. मनात जे संगीत वाजतं, त्याचीच गिटार घ्या.

दुसरा गैरसमज महागात पडतो. नायलॉनच्या गिटारीला पोलादी तारा कधीही चढवायच्या नाहीत. पोलादी संच सुरात आला की सहा तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढ देतात. नायलॉनची ओढ त्याच्या निम्म्याच्या जवळपास. यामाहाच्या सी ४० सारख्या नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा चढवल्या तर मान वाकते किंवा एखाद्या रात्री ब्रिज 'फट्ट' करून उपटून येतो. 'आवाज मोठा येईल' म्हणून हा प्रयोग केलेले लोक प्रत्येक गावात आहेत.

दुसरी गोष्ट: अक्षरं वाचायला शिका

यामाहाच्या अकूस्टिक गिटारींचं मूळ नाव एफजी. एफ म्हणजे फोक, जी म्हणजे गिटार. पहिल्या एफजी १८० आणि एफजी १५० या १९६६ साली आल्या. १९६९ च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गायक कंट्री जो मॅक्डोनाल्डला अचानक एकट्याने मंचावर जावं लागलं तेव्हा कुणाची तरी मागून आणलेली एफजी १५० त्याच्या हातात होती. पट्टा नव्हता, म्हणून दोरी बांधली होती. ही नवशिक्यांची गिटार आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते छायाचित्र पाहावं.

आता अक्षरं. एफजी म्हणजे मोठं, रुंद पोट असलेली. एफएस म्हणजे तीच, पण लहान आणि कंबर बारीक असलेली. शेवटी किंवा मध्ये एक्स आला की आत पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणारा भाग, बसवलेला आहे, वायर लावून स्पीकरवर वाजते. शेवटी सी आला तर खांद्याजवळ कापलेला खाच आहे, म्हणजे वरच्या फ्रेटपर्यंत हात पोचतो. पण तोच सी सुरुवातीला आला तर अर्थ बदलतो: सी आणि सीजी म्हणजे क्लासिकल. तेव्हा सी ४० ही नायलॉनची गिटार, आणि एफएस १०० सी ही पोलादी तारांची, खाच असलेली. हा घोळ ऑनलाइन मागवताना हमखास होतो.

एपीएक्स म्हणजे पातळ पोटाची, पिकअप असलेली, मंचावर उभं राहून वाजवणाऱ्यांसाठी. ही मालिका १९८७ पासून चालू आहे. एनटीएक्स म्हणजे तसाच प्रकार नायलॉनमध्ये. एलएल आणि एलएस या वरच्या पायरीच्या, आपण त्यांच्या वाटेला आत्ता जायचं नाही.

आकड्यांचा हिशोब सोपा आहे. एकाच मालिकेत आकडा वाढला की लाकूड किंवा सजावट वाढते, पैसेही. एफजी ८०० नंतर ८२० मध्ये मागची-बाजूची लाकडं महोगनी, ८३० मध्ये रोजवूड, ८५० मध्ये तर पुढची फळीही महोगनीची. नवशिक्याला ८०० आणि ८३० मधला फरक ऐकू येतो का? डोळे मिटून ऐकवलं तर बहुतेकांना येत नाही. माझं मत विचाराल तर ८०० घ्या आणि उरलेल्या पैशांत तारा, सूर तपासायचा ट्यूनर आणि जाड गादीची बॅग आणा.

तिसरी गोष्ट: पोट आणि पोटावर धरणारा

इथे लोक सर्वांत कमी विचार करतात.

एफजी अंगावर घेऊन बसा. उजवा हात तिच्या पोटावरून वळून तारांपर्यंत जायला हवा, पण खांदा वर उचलला जाता कामा नये. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर मोठ्या एफजीवर खांदा कानाला लागतो आणि अर्ध्या तासात पाठ दुखते. अशांनी सरळ एफएस घ्यावी. तिचं पोट अरुंद आणि उथळ आहे. शिवाय एफएस ८०० मध्ये नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतचं (ब्रिजमधली ती पांढरी पट्टी) अंतर ६३४ मिलिमीटर आहे आणि एफजी ८०० मध्ये ६५० मिलिमीटर. फरक सोळा मिलिमीटरचा, पण तो सगळ्या फ्रेटमध्ये वाटला जातो, तारेची ओढही थोडी कमी होते, आणि लहान हाताला जी कॉर्ड जेमतेम पोचत होती ती आरामात पोचते. एफजीचा आवाज जास्त भरदार, खर्ज जास्त. एफएसचा आटोपशीर. घरात, माइकशिवाय, स्वतःच्या गळ्याबरोबर वाजवायला मला एफएसच आवडते. मोठी गिटार कधीकधी गाणाऱ्याला गिळते.

मुलांसाठी वेगळे आकार आहेत. पाचवी-सहावीतल्या मुलाला पूर्ण आकाराची गिटार 'मोठा झाल्यावरही चालेल' म्हणून घेणं म्हणजे त्याला बाबांचे बूट घालून शाळेत पाठवणं. सीएस ४० ही नायलॉनची, नट ते सॅडल ५८० मिलिमीटरची, पाऊण आकाराची गिटार साधारण त्या वयाला बसते. पोलादी तारांत जेआर मालिका आहे, ती आणखी छोटी, ५४० मिलिमीटरची. प्रवासातही लोक ती नेतात.

क्लासिकल घेणाऱ्यांनी नटची रुंदी लक्षात ठेवावी. सी ४० चा नट ५२ मिलिमीटर, एफजीचा ४३. रुंद मानेवर बोटांना जागा मिळते, पण छोट्या तळव्याला बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायची पकड, जड जाते.

चौथी गोष्ट: सॉलिड की प्लाय

वरची फळी, जिला सगळे टॉप म्हणतात, ती एकसंध लाकडाची असेल तर सॉलिड टॉप. पातळ थर चिकटवून केलेली असेल तर लॅमिनेटेड, आपल्या भाषेत प्लाय. एफ ३१० ही दुकानांत सर्वांत सहज दिसणारी गिटार प्लायची. एफजी ८०० आणि एफएस ८०० पासून पुढे सॉलिड स्प्रूस लाकडाचा टॉप मिळतो. ओळखायची खूण: आवाजाच्या भोकाच्या कडेला बोट फिरवून नीट पाहा. वरच्या पृष्ठभागावरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड. कडेला सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय.

सॉलिड टॉप चांगला वाजतो आणि वापराने आणखी उमलतो हे खरं. पण तुम्ही रत्नागिरीत किंवा विरारला राहत असाल, घरात एसी नसेल आणि गिटार भिंतीवर टांगलेलीच राहणार असेल, तर प्लायची एफ ३१० जास्त टिकेल. हवेतला ओलावा प्लायला तितका छळत नाही. पहिल्या गिटारीला मी तरी यात कमीपणा मानत नाही. एफ ३१० दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे मिळते. एफजी ८०० ला त्याच्या बरेच वर जावं लागतं.

यामाहाचा कारखाना चेन्नईजवळही आहे. २०१९ पासून तिथे काही अकूस्टिक गिटारी आणि कीबोर्ड बनतात. भोकातून आत पाहिलंत तर लेबलवर मॉडेल आणि देश छापलेला असतो. 'मेड इन इंडिया' वाचून कमी समजू नका आणि 'मेड इन इंडोनेशिया' वाचून फसलो म्हणू नका. या किमतीत जपानमध्ये बनलेली गिटार कुणीच देत नाही.

पाचवी गोष्ट: इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर

यामाहाच्या पहिल्या सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकही १९६६ च्याच. १९७६ ची एसजी २००० नामांकित गिटारवादक कार्लोस सँटानाच्या हातात दिसली आणि जपानी गिटार म्हणजे अमेरिकी गिटारीची नक्कल, हे म्हणणं थोडं मागे पडलं. पण आपल्या कामाची मालिका १९९० ची: पॅसिफिका.

पॅसिफिकाचं गणित असं. ब्रिजजवळ एक जाड, दोन कॉइलींचा पिकअप, हंबकर. मध्ये आणि मानेजवळ दोन बारीक, सिंगल कॉइल. पाच टप्प्यांचा स्विच. मानेकडच्या टप्प्यावर घंटेसारखा स्वच्छ आवाज, ब्रिजकडच्या टप्प्यावर डिस्टॉर्शनला, म्हणजे रॉकमधल्या फाटलेल्या आवाजाला, साजेसा जाडजूड. आपल्याला नेमकं काय आवडतं हे कळण्याआधी ज्याला गिटार घ्यावी लागते, म्हणजे प्रत्येक नवशिक्याला, ही रचना सोयीची. पॅसिफिका ०१२ सर्वांत स्वस्त. ११२ व्ही मध्ये लाकूड आल्डर, आणि टोनचं बटण वर ओढलं की हंबकरमधली एक कॉइल बंद होऊन आवाज बारीक होतो. परवडत असेल तर ११२ व्ही घ्या. ती दहा वर्षांनीही विकावीशी वाटत नाही.

दोन्हींच्या ब्रिजला एक दांडी लागते, ट्रेमोलो. ती दाबली की सूर लवतो आणि मजा येते. पहिले तीन महिने ती काढून बॅगेच्या खिशात ठेवा. नाहीतर वाजवण्यापेक्षा सूर लावण्यातच वेळ जाईल.

दुसरा पर्याय रेवस्टार. २०१५ साली आलेली, आणि तिचा घाट साठच्या दशकातल्या लंडनच्या कॅफे रेसर मोटरसायकलींवरून घेतलेला. म्हणजे काकांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता! तिच्या तारेची लांबी पॅसिफिकापेक्षा कमी आहे, जवळपास वीस मिलिमीटरने, त्यामुळे तारा मऊ लागतात. ब्रिज स्थिर. ब्लूज, जुना रॉक आवडणाऱ्याने एकदा हातात घेऊन बघावी. पहिल्या खरेदीला मात्र थोडी महाग.

अॅम्पचे पैसे आधीच बाजूला काढा. इलेक्ट्रिक घेणारे सगळे पैसे गिटारीवर घालतात आणि मग मोबाइलच्या स्पीकरला जोडायचा जुगाड शोधत बसतात. शंभरातले पासष्ट-सत्तर गिटारीला, बाकी अॅम्प, वायर, तारा यांना. सुरुवातीला दहा वॉटचा साधा अॅम्प पुरतो, त्याला हेडफोनचं भोक मात्र हवं. चाळीत किंवा सोसायटीत राहणाऱ्यांना ते का, हे सांगायला नको. यामाहाचा टीएचआर हा टेबलावर मावणारा अॅम्प हळू आवाजातही भरदार वाजतो, पण किंमत गिटारीच्या बरोबरीला जाते. नंतर बघा.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर दोन चमत्कार सांगतो. सायलेंट गिटारीला पोटच नसतं, नुसती चौकट. हेडफोन लावला की फक्त तुम्हाला ऐकू येते, चौकटीचा एक भाग काढून बॅगेत बसते. ट्रान्सअकूस्टिक गिटारीत याच्या उलट: आत एक छोटं यंत्र मागच्या फळीला कंप देतं आणि कुठलाही स्पीकर न लावता देवळात वाजवल्यासारखा घुमारा येतो. दुकानात गेलात की वाजवून बघाच, फुकट आहे. पहिली गिटार म्हणून घेऊ नका.

सहावी गोष्ट: दुकानातली पंधरा मिनिटं

मॉडेल ठरलं तरी नग ठरायचा बाकी आहे. शक्य असेल तर हातात घेऊनच घ्या. मुंबईत धोबीतलावचं फुर्ताडोज १८६५ पासून चालू आहे, गोव्यातही त्यांची दुकानं आहेत. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथेही वाद्यांच्या दुकानांत यामाहा असतेच. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. बुधवारी सकाळी जा, तेव्हा दुकानदाराला बोलायला वेळ असतो. वाजवता येत नसेल तर येणाऱ्या मित्राला न्या, पण खालच्या तपासण्या स्वतः करा. त्यांना वाजवता यायची गरज नाही.

सोबत स्टीलची पट्टी घ्या. कंपासपेटीतली प्लास्टिकची नको, तिच्यात शून्य कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत असतो आणि इथे सगळा खेळच दोन-तीन मिलिमीटरचा आहे.

गिटार आधी सुरात लावून घ्या. सैल तारांवर कुठलीही गिटार गरीब गाय वाटते.

मग पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी टेकवा. बाराव्या फ्रेटवर बहुतेक गिटारींना दोन ठिपके असतात, शोधायला सोपं. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. पोलादी अकूस्टिकवर सर्वांत जाड तार अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक दोनच्या आसपास असेल तर उत्तम. तीनपर्यंत चालवून घेता येईल. साडेतीनच्या वर असेल तर दुसरा नग मागा किंवा 'सेटअप करून द्या' म्हणा. क्लासिकलवर तारा थोड्या उंचच असतात, इलेक्ट्रिकवर दीड-पावणेदोन पुरे. या उंचीला ॲक्शन म्हणतात. तो एक शब्द वापरलात की दुकानदाराचा सूर बदलतो.

सॅडल, म्हणजे ती पांढरी पट्टी, घासून ॲक्शन खाली आणता येते. हिशोब लक्षात ठेवा: बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचं असेल तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. सॅडलच जेमतेम दोन मिलिमीटर वर आली असेल तर घासायला काही उरलेलं नाही. ती गिटार सोडून द्या.

आता मान सरळ आहे का ते. जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने आणि चौदाव्यावर उजव्या हाताच्या करंगळीने दाबा. दाबलेली तार म्हणजे तयार फूटपट्टी. सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फटच नसेल किंवा दोन-तीन कार्डं मावत असतील तर मान आवळायला-सोडायला हवी. त्यासाठी पोलादी तारांच्या गिटारीत आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ते काम दुकानदाराला करू द्या, स्वतः पाना फिरवू नका.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकेकदा छेडा. कंटाळवाणं आहे, पाच मिनिटं लागतात. कुठे 'झर्र' आवाज आला तर तिथला फ्रेट खाली किंवा ब्रिजकडचा पुढचा फ्रेट उंच आहे.

मानेच्या कडेवरून तळहात वरून खाली फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर लाकूड वाळून आत गेलंय.

बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, घंटेसारखा सूर येईल. मग तिथेच दाबून छेडा. ट्यूनरवर दोन्ही सूर सारखे दिसायला हवेत. थोडा फरक चालतो. सुई अर्ध्यावर गेली तर वरच्या फ्रेटवर ही गिटार कायम बेसूर बोलणार.

मोबाइलचा टॉर्च भोकातून आत मारा. गोंदाचे ओघळ दिसले तरी हरकत नाही, पण निघालेली पट्टी, चीर, आत पडलेला लाकडाचा कपचा नको. लेबलवरचं मॉडेल बिलाशी ताडून पाहा. इलेक्ट्रिक असेल तर सगळी बटणं फिरवून खरखर येते का ते ऐका, वायर घातलेल्या जागी हलवून बघा. सिंगल कॉइलवर थोडी गुणगुण येतेच. ट्यूबलाइटकडे पाठ करून बसलात की कमी होते. त्याला बिघाड समजू नका.

सातवी गोष्ट: घरी आल्यावर

जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. खुंट्यांच्या टोकाला चिमट्यासारखा अडकवायचा ट्यूनर शे-दोनशे रुपये जास्त देऊन बरा घ्या. नवीन तारा पहिले चार-पाच दिवस रोज उतरतात, त्यात गिटारचा दोष नाही. हळूच ओढून ताणून घ्या, परत लावा. नादकाट्यांची हौस असेल तर तीही भागवा: ४४० चा नादकाटा गुडघ्यावर आपटून गिटारीच्या पोटावर टेकवा, सर्वांत बारीक तार पाचव्या फ्रेटवर दाबली की तोच सूर यायला हवा.

पहिल्या आठवड्यात ई मायनर, ए मायनर, जी, डी एवढ्याच कॉर्ड. एफ कॉर्डच्या वाटेला जाऊ नका, तिने पुष्कळांच्या गिटारी कपाटावर चढवल्या आहेत. एकदम एक तास बसण्यापेक्षा सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री पंधरा. बोटांची टोकं दोन-तीन आठवडे दुखतात, मग निबर होतात. एफजीवर कंपनीच्या तारा ०.०१२ इंचाच्या असतात. जास्तच दुखत असेल तर ०.०११ किंवा ०.०१० चा संच लावून घ्या. आवाज किंचित पातळ होतो, सराव मात्र चालू राहतो.

घरी कुणी पेटीवर गाणारं असेल तर कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लवकर घ्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की सी ची पकड काळी एकमध्ये वाजते, डी ची काळी दोनमध्ये, जी ची काळी चारमध्ये. आजीची काळी चार आणि तुमच्या तीन सोप्या कॉर्ड, एका चिमट्यात जमून जातं. याला शिकवणीत पुष्कळ उशिरा हात घालतात, का कोण जाणे.

आठवी गोष्ट: पावसाळा आणि मे महिना

लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता आवडते. जुलैत मुंबई-कोकणात ती ऐंशी-नव्वदवर असते. सॉलिड टॉप पाणी पिऊन फुगतो, ब्रिजमागे पोट सुटतं आणि जूनमध्ये अडीच मिलिमीटर असलेली ॲक्शन गणपतीपर्यंत साडेतीनवर जाते. लगेच सॅडल घासायला धावू नका, दिवाळीनंतर ती बरीचशी आपोआप खाली येते. घासलेली पट्टी परत वाढत नाही. पावसाळाभर गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल त्याच भिंतीला येते. जाड बॅगेत, चेन लावून, आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून ठेवा. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने, जुना बनियन उत्तम, प्रत्येक तार वरून-खालून पुसा. कोकणात न पुसलेल्या तारांना पंधरा दिवसांत गंज धरतो.

विदर्भ-मराठवाड्यात उलट दुखणं. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड वाळतं, फ्रेटची टोकं बाहेर येतात, फळीला चीरही जाऊ शकते. कुणीतरी हमखास म्हणतं, कूलरसमोर ठेव, दमट हवा लागेल. ठेवू नका. दिवसा ओला वारा आणि रात्री कूलर बंद झाल्यावर कोरडी लू, या ओढाताणीत लाकूड लवकर फाटतं. बॅगेतच ठेवा. आत साबणाच्या रिकाम्या डबीला भोकं पाडून, ओला करून घट्ट पिळलेला स्पंजाचा तुकडा त्यात घालून, खुंट्यांच्या बाजूला ठेवा. दर तीन-चार दिवसांनी बघा, वाळला असेल तर पुन्हा भिजवा, आणि थेंब गळत नाही ना ते हातावर दाबून बघूनच आत ठेवा.